कानातला खळगा

माझा स्वभाव गुळगुळीत नाही, पण पोटासाठी मी सगळं गुळगुळीत करते. गेली बावीस वर्षं कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकच्या वस्तूंची मॉडेल्स बनवतेय. पाण्याचा जग, मिक्सरच्या भांड्याची मूठ, इस्त्रीची पाठ. तुमच्या हातात आलेली एखादी मूठ कुठे टोचली नसेल, तर तिच्यामागे माझ्यासारख्या कुणीतरी दोन-तीन आठवडे डोळे फोडलेले असतात. आई म्हणते, बरं झालं हिनं लग्न केलं नाही, नवऱ्यालाही घासून घासून सरळ केलं असतं.

आमच्या धंद्यात दोन पंथ आहेत. एक वक्ररेषावाल्यांचा. पडद्यावर चार-पाच बिंदू ठेवायचे, त्यांच्या ओढीनं रेषा आपोआप वळते, मग अशा रेषांवर कातडं ताणल्यासारखा पृष्ठभाग ताणायचा. कितीही जवळ जाऊन बघा, कुठे कोपरा दिसत नाही. दुसरा पंथ पॉलिगॉनवाल्यांचा. ते छोटे छोटे सपाट तुकडे एकाला एक जोडत जातात, आपण गोधडी शिवतो तसे. लांबून गोल दिसतं, जवळ गेलं की सगळे कोपरेच. गेममधली माणसं, राक्षस, घोडे असेच बनतात. मी पहिल्या पंथाची, आणि तीही कट्टर. पॉलिगॉनवाल्यांकडे मी वर्षानुवर्षं नाक मुरडून बघत आले.

एक सांगते म्हणजे माझी खोड कळेल. पृष्ठभाग नीट झालाय का ते बघायला आम्ही त्याच्यावर काळे-पांढरे पट्टे पाडतो. पट्टे सलग वाहिले तर काम चोख. एखादा पट्टा मधेच अडखळला तर तिथे खोट आहे. पट्टा अडखळला की माझं डोकं फिरतं, मला जेवण जात नाही. बाबांच्या कानाचं जे काही झालं ते या खोडीमुळे झालं, म्हणून हे आधी सांगितलं.

आम्ही तिघं हैदराबादेत नल्लकुंट्याला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. बाबा सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात होते. चौतीस वर्षं लोखंडावर हातोडे पडताना ऐकले, आणि निवृत्त झाल्यावर हळूहळू बाकीचं ऐकायचं बंद झालं. डावा कान तर पार गेला, उजव्यात थोडी धुगधुगी उरली. पण त्याची आम्हाला कधी अडचण वाटली नाही, कारण आईचा आवाज. नांदेडकडच्या शेतात या बांधावरून त्या बांधाला हाका मारून तयार झालेला आवाज तो. ती स्वयंपाकघरातून बाबांना हाक मारायची तेव्हा खालच्या मजल्यावरचे तेलुगू काका हसत वर बघायचे. बाबांना मशीनची गरजच नव्हती, आईच त्यांचं मशीन होती.

तीन वर्षांपूर्वी आईच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत येईल. सहाचे बारा झाले, बाराचे छत्तीस झाले. आता ती बोलते म्हणजे कागदावर कागद घासावा तेवढाच आवाज येतो. खाली भाजी विकणारी अम्मा टोपलीवरून वाकून तिच्या तोंडाशी कान आणते, मग दोघी पालकावर घासाघीस करतात. मीही वाकते. सगळे वाकतात. पण बाबांनी कितीही वाकून काय उपयोग, त्यांना ते ऐकूच येणार नव्हतं.

सुरुवातीला आई त्यांच्याशी बोलायची. ओठ हलवून हलवून, हातवारे करून. बाबा "काय? काय?" करायचे, ती दमायची. मग तिनं सोडून दिलं. ताटाकडे बोट, औषधाच्या डबीकडे बोट, दाराकडे बोट. मी कामावरून आले की आत माझ्या कानाशी लागून दिवसभराचं सगळं सांगायची आणि बाबा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलेले असायचे. बावन्न वर्षांचा संसार, आणि दिवसाला एक वाक्यसुद्धा नाही. मला ते बघवायचं नाही. गॅलरीत दोघं शेजारी शेजारी बसलेली असायची, आई कारल्याशी पुटपुटत कारली चिरायची आणि बाबा रस्त्याकडे बघायचे. मला तेव्हा रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडते. चिडून मी बाबांना कानाचं मशीन घ्यायला लावलं.

मशीन चांगलं होतं. गोची होती ती कानात बसणाऱ्या टोकाची, त्याला मोल्ड म्हणतात. तो प्रत्येकाच्या कानाच्या मापाचा करावा लागतो. कान तपासणाऱ्या बाईंनी बाबांच्या उजव्या कानात गुलाबी सिलिकॉन भरलं, ते घट्ट झाल्यावर अलगद काढलं. कानाच्या आतल्या पोकळीचा जसाच्या तसा ठसा. त्यावरून त्यांच्या लॅबनं मोल्ड करून दिला. बाबांनी घातला आणि दहा मिनिटांत काढला. दुखतो म्हणाले. शिवाय तो शिटी वाजवायचा. कुकरसारखी नाही, डासासारखी बारीक, सतत. बाईंनी दुसरा करून दिला. तोही दुखला, त्यानंही शिटी वाजवली. बाई स्वभावानं गोड, त्या म्हणाल्या, काहींना सवय व्हायला वेळ लागतो. बाबांनी मान डोलावली, घरी येऊन दोन्ही मोल्ड डबीत घातले आणि डबी कपाटात.

हे मला लागलं. हजारो अनोळखी माणसांच्या हातात नीट बसतील अशा मुठी मी करते, आणि माझ्या सख्ख्या बापाच्या कानात एक टोक बसू नये? मी बाईंकडून तो गुलाबी ठसा मागून आणला. म्हटलं, मीच करते.

पण करायचा कुठे? शरीराला चालेल असं रेझिन लागतं, ते छापायला तसा थ्रीडी प्रिंटर लागतो. अंबरपेठला माझ्या ओळखीची एक बाई आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ती दातांच्या टोप्या आणि कवळ्या प्रिंट करते. आधी गेमच्या कंपनीत राक्षस घडवायची, तिथला तिचा हात अजून गेलेला नाही. घरात तेलुगू बोलते, माझ्याशी दख्खनी, आणि मी तिच्याशी जे बोलते त्याला काय म्हणायचं ते मलाही माहीत नाही. तिनं ठसा स्कॅन करून दिला. पडद्यावर दोन लाख त्रिकोणांचा एक गोळा उभा राहिला.

तिचं म्हणणं सरळ होतं. हा स्कॅन असाच ठेवायचा, कडा साफ करायच्या, मशीनच्या नळीसाठी भोक पाडायचं आणि छापून टाकायचं. मी म्हटलं, दोन लाख त्रिकोण म्हणजे मॉडेल नव्हे, खडीचा ढीग झाला. मी याच्यावर वक्ररेषा घेऊन नवा पृष्ठभाग ताणते, मग बघ. ती हसली. तिच्या दुकानात बसून तिलाच शिकवत होते मी. जाताना मात्र तिनं एक वाक्य म्हटलं, ते मी तेव्हा कानाआड केलं.

"मॅडम, ये कान है, जग नहीं. इसकू सीदा नक्को करो."

तीन रविवार मी त्या कानावर घालवले. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा ठशाच्या आडव्या चकत्या केल्या, प्रत्येक चकतीच्या कडेनं एक वक्ररेषा काढली, मग त्या सगळ्या रेषांवरून पृष्ठभाग ताणला. वरच्या टोकाशी, जिथे मोल्ड कानाच्या वरच्या घडीत अडकतो, तिथे दोन चकत्यांमध्ये एक बारका खळगा होता. त्या खळग्यातून रेषा नेली की वाकडी व्हायची, पट्टे अडखळायचे. मी ठशावर भिंग धरून बघितलं. सिलिकॉन ओतताना हवेचा बुडबुडा राहिला असणार, दुसरं काय. मी दोन बिंदू पुसून टाकले. एका सेकंदाचं काम. पट्टे लगेच सलग वाहायला लागले आणि मला मनापासून बरं वाटलं.

मोल्ड छापून आला तेव्हा तो इतका देखणा होता की मी कार्यालयात नेऊन दोघांना दाखवला. अंबरपेठवालीनंही कौतुक केलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन मी तो बाबांच्या कानात बसवला, मशीन लावलं, समोर बसले. विचारलं, कसं वाटतंय. बाबा म्हणाले, छान आहे. मी केलेल्या उपम्यालाही ते असंच छान आहे म्हणतात, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. शिटी वाजत होती, पण मी म्हटलं, ती नंतर बघू.

तासाभरानं बघते तर कान रिकामा. मोल्ड रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेला. माझा पारा चढला. मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला ऐकायचंच नाही, तुम्हाला असंच गप्प बसायचंय, आम्ही मरतोय तुमच्यासाठी आणि तुम्ही रुमालात गुंडाळून ठेवताय. एवढ्या मोठ्यानं बोलले की सगळं नाही तरी निम्मं त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी कानावर हात ठेवला.

"दुखतंय गं," ते म्हणाले.

हात काढला तर वरची घडी लालभडक झाली होती. माझ्या आनंदासाठी म्हाताऱ्या माणसानं जमेल तितका वेळ कळ सोसली होती, आणि मी वर त्यांनाच झापत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली, घासलेलीच.

पुढच्या शनिवारी सकाळी मी पुन्हा लॅपटॉप उघडला. या वेळी हट्ट सोडून दिला होता असं नाही, पण चूक कुठे आहे ते तरी बघावं. मूळ स्कॅनवर माझं मॉडेल ठेवलं आणि दोन्हींतला फरक रंगात काढला. जिथे दोन्ही जुळतात तिथे हिरवा, जिथे माझं मॉडेल जास्त जाड तिथे लाल. अख्खा गोळा हिरवागार निघाला, माझी तीन रविवारांची मेहनत. फक्त वरच्या टोकाशी एक लाल ठिपका, कुंकवाएवढा. तोच तो बुडबुडा. मी मनात म्हटलं, हा तर मीच बुजवलाय, बुडबुड्यानं काय होतंय.

आई मेथी निवडायला शेजारी येऊन बसली होती. तिनं विचारलं, हे काय आहे, आल्याचा तुकडा का. मी सांगितलं, बाबांच्या कानाची आतली पोकळी आहे. हे टोक आत जातं, हे वर अडकतं. आईनं मेथीची काडी खाली ठेवली. स्वतःच्या उजव्या कानात बोट घातलं, मग तेच बोट कानाच्या वरच्या घडीत नेलं, पडद्याकडे बघितलं, परत कानाकडे. आमच्या कचेरीत चार पदव्या घेतलेली पोरंही ठसा असा उलटा वाचताना गोंधळतात. आईनं ओलं बोट थेट लाल ठिपक्यावर टेकवलं आणि माझ्या कानाशी वाकली.

"हे भिकबाळीचं आहे."

मला कळेना. मग तिनं तिच्या त्या कागद घासल्यासारख्या आवाजात, मधे मधे दम घेत, सगळं सांगितलं. बाबांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. तिसरे बाबा झाले तेव्हा माझ्या आजीनं पाच घरी पदर पसरून गुंजभर गुंजभर सोनं मागितलं आणि त्याची बाळी करून बाळाच्या उजव्या कानात वरच्या बाजूला घातली. पोर जगावं म्हणून. लग्नात बाबांच्या कानात ती भिकबाळी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कान पिकला, सुजून भजं झालं. सोनारानं बाळी कापून काढली. आई महिनाभर रोज हळद आणि कोमट तेल लावत होती, बाबा ओरडत होते, सासू दारात उभी राहून रडत होती. भोक बुजलं, पण आत गाठ राहिली. बाहेरून दिसत नाही, बोटाला लागते, असं आई म्हणाली.

मी उठले. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी मागून जाऊन त्यांच्या उजव्या कानाच्या घडीत बोट घातलं. ते दचकले, पण मान हलवली नाही. होती की गाठ. तुरीच्या डाळीएवढी, टणक. एवढं वय झालं माझं, आणि बापाच्या कानाला मी जन्मात पहिल्यांदा हात लावत होते. तीन रविवार मी त्या कानाच्या चकत्या करत बसले, पण पाच पावलं चालून जाऊन तो कान चाचपावा हे मला सुचलं नव्हतं. लॅबवाल्यांनाही नव्हतं सुचलं. त्यांनीही दोनदा तो खळगा बुडबुडा समजून भरला असणार, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? बहुतेक कानांमध्ये तो बुडबुडाच असतो. पण मी मराठी घरातली, माझ्या बापाचा कान, आणि मीही तेच केलं. कपाळाला हात लावून तिथेच गॅलरीच्या उंबऱ्यावर बसले.

आता सगळं उलगडलं. ठशात खळगा म्हणजे कानात उंचवटा. खळगा बुजवला की मोल्ड त्या गाठीवर चढून बसतो, म्हणून दुखतो. चढून बसला की खाली पूर्ण उतरत नाही, फट राहते. त्या फटीतून मशीनचा आवाज बाहेर येऊन परत मशीनमध्येच शिरतो, म्हणून शिटी. दोन्ही दुखणी एकाच खळग्याची.

त्याच दुपारी रिक्षा करून अंबरपेठ गाठलं. अंबरपेठवालीला सगळं सांगितलं, माझ्या पुसलेल्या दोन बिंदूंसकट. मला वाटलं, आता ही माझी चांगलीच टर उडवणार. तिनं फक्त "हौ" म्हटलं, खुर्ची सरकवून दिली आणि जुना स्कॅन उघडला. दोन लाख त्रिकोण, खडीचा ढीग. ती काम कसं करते ते मी पहिल्यांदा नीट बघितलं. ती रेषा काढत नाही. कुंभारीण मडकं थापते तशी हलक्या हातानं इथे दाबते, तिथे उचलते, त्रिकोण तिच्या मागोमाग सरकतात. ठशावर खरोखरचे दोन बुडबुडे होते खालच्या बाजूला, ते तिनं बुजवले. खळग्याला मात्र तिनं धक्का लावला नाही, उलट गाठीला श्वास घ्यायला जागा हवी म्हणून केसभर खोल केला. तिथला पृष्ठभाग पट्ट्यांच्या हिशेबानं भयंकर होता. माझा हात शिवशिवत होता. एकदा तर मी माउसकडे हात नेलाच. तिनं माझ्याकडे न बघता माउस उचलून पलीकडे ठेवला.

एक गोष्ट मात्र तिनं माझ्यावर सोपवली. मशीनची नळी ज्या भोकात बसते ते भोक तिला त्रिकोणांचं जमेना. नळी गोल, भोक कोपऱ्या-कोपऱ्यांचं, नळी हलायला लागली असती. ते मी वक्ररेषांनी केलं, चोख, केसाचाही फरक नाही. मग तिनं ते तिच्या गोळ्यात बसवलं. म्हणजे कान तिच्या पंथाचा आणि भोक माझ्या पंथाचं असा तह झाला. प्रिंटर चालू करून आम्ही समोरच्या इराण्याकडे जाऊन उस्मानिया बिस्किटं खाल्ली. मला त्या दिवशी फार हलकं वाटत होतं. बावीस वर्षं जे येत होतं ते सोडून दुसरं काहीतरी शिकायला मिळालं की माणूस लहान होतो, मला तरी तसं झालं.

कचेरीत अजूनही मी वक्ररेषाच वापरते, सांगून ठेवते. जग तो जग. साचा करणाऱ्याला नेमकं माप लागतं, आणि हातात धरायच्या वस्तूला कुणाची भिकबाळी नसते. पण आता एखाद्या स्कॅनमध्ये खळगा दिसला की मी आधी विचारते, हा कुणाचा आहे. नवीन मुलं हसतात, हसू देत.

रविवारी सकाळी मोल्ड घरी आणला. दिसायला आधीच्यापेक्षा कुरूपच, वरच्या बाजूला उंदरानं कुरतडल्यासारखा. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू पोरीची कला उतरणीला लागली. मी तो कानात बसवला. तो एका बारीक झटक्यानं आत जाऊन बसला, बरणीचं झाकण लागावं तसा. मशीन चालू केलं. शिटी नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाबांनी पेपर उघडला. अर्ध्या तासानं मी विचारलं, साध्या आवाजात, दुखतंय का? ते पेपरमधून म्हणाले, काय दुखतंय? कानात काही आहे हेच ते विसरले होते.

मी आत जाऊन आईला ढकललं. जा म्हटलं, बोल. आई लाजली, पंच्याहत्तरीची बाई नव्या नवरीसारखी पदर सावरायला लागली. काय बोलू म्हणे. मग हात पुसत बाहेर गेली, मी दाराशी उभी राहिले. ती त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर थांबली आणि म्हणाली, अहो, भाताबरोबर वरण करू का पप्पू? आमच्याकडे चिंच घातलेल्या डाळीला पप्पूच म्हणतात.

बाबांनी पेपर खाली केला. ते आईच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"तुझ्या आवाजाला काय झालं?" त्यांनी विचारलं.

आई गडबडली. ऑपरेशनपासून असाच आहे की, ती म्हणाली, तीन वर्षं झाली. बाबा माझ्याकडे वळले, जणू खरं काय ते मी सांगावं. मी मान हलवली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही. आवाज सहा महिन्यांनी येईल, एवढं मी एकदा ओरडून सांगितलं होतं. नंतर तो आला नाही, हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, भाजीवाल्या अम्माला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक असेल असं आम्ही सगळे धरून चाललो. आवाज गेलाय हे त्यांना कळावं तरी कसं? त्यांना कुणाचाच नीट ऐकू येत नव्हता.

"मला वाटलं, तू माझ्याशी बोलणं टाकलंस," बाबा म्हणाले. "ऑपरेशन नको म्हणत होतीस, मीच करायला लावलं. म्हणून."

तीन वर्षं. गॅलरीत त्या बाईच्या शेजारी बसून हा माणूस तीन वर्षं शिक्षा भोगत होता, आणि शिक्षा योग्य आहे असं समजून गप्प होता. ती माझ्या कानाशी लागून बोलायची ते त्यांना रोज दिसत होतं. 

आई त्यांच्यावर रागावली, खरंखुरं. एवढंसं तोंड करून, मान उडवून काहीतरी बोलली. मग स्टूल ओढून त्यांच्या उजव्या बाजूला बसली आणि बोलतच राहिली, हात हलवत, मधेच त्यांच्या गुडघ्यावर चापट मारत. बाबा मान खाली घालून हं, हं म्हणत होते, एकदा हसले, एकदा चष्मा काढून डोळे पुसले. मी तीन पावलांवर उभी होते, माझे कान धडधाकट आहेत, पण ती काय म्हणत होती त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलं नाही.